उन्हाळ्यात चांदवड बघायचं तर सावलीच्या हिशोबाने बघा

चांदवडला जायचं ठरलं असेल तर नाशिकहून पहाटे साडेपाचला निघा. साडेसहाला निघणार असाल तर दुसरा दिवस धरा. माझं माहेर चांदवडचं, सासर नाशिकचं. दर उन्हाळ्यात घरी कुणीतरी पाहुणा येतो आणि विचारतो, "एका दिवसात होईल असं काय आहे?" पंचवटी, त्र्यंबक, वणी सगळ्यांची झालेली असते, मग मी चांदवड सांगते. लोक आरामात नाश्ता करून दहाला निघतात, भर उन्हात पोचतात, गाडीतून उतरल्या उतरल्या किल्ल्याकडे बोट दाखवून "चढायचं का?" म्हणतात आणि दुपारी महामार्गावरच्या कुठल्यातरी एसी हॉटेलातून मला फोन करतात: "बघण्यासारखं विशेष काही नाही हो तिथे."

आहे. वेळ चुकली की दिसत नाही, एवढंच.

क्रम असा ठेवा. पहाटेच्या गारव्यात रेणुकामाता, ऊन चढायला लागलं की रंगमहाल म्हणजे होळकरांचा वाडा, भर दुपारी जेवून आडवं व्हायचं, ऊन कललं की चंद्रेश्वराचं देऊळ. किल्ला मार्च ते जून खालूनच बघायचा. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. आमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड आलं की आजी त्यांना देवदर्शनाला उजाडायच्या आत पिटाळायची आणि अकरानंतर कुणाला उंबऱ्याबाहेर पाय टाकू द्यायची नाही. "ऊन काय पाहुणा ओळखतं का?" म्हणायची.

थोडं भूगोलाचं सांगते, म्हणजे गाव इथेच का वसलं ते कळेल. सातमाळ्याची रांग नाशिक जिल्ह्यातून पूर्व-पश्चिम आडवी गेलीय. धोडप, राजधेर, कोळधेर, इंद्राई, चांदवड, पुढे मनमाडजवळ अणकाई-टणकाई, असे किल्ले एकापुढे एक उभे आहेत. रांगेच्या दक्षिणेचं पाणी गोदावरीला जातं, उत्तरेचं गिरणेला. ही रांग ओलांडून खानदेशात उतरायची वाट चांदवडजवळून जाते. आजचा मुंबई-आग्रा महामार्गही तिथूनच जातो, चांदवड सोडलं की पुढे राहुडचा घाट. म्हणून वाटेवर नजर ठेवायला वर किल्ला, आणि पैसा, व्यापार, मुक्काम यांच्यासाठी खाली गाव. इथे टांकसाळ होती, चांदवडी रुपया बाजारात चालायचा. यादव घराण्याच्या दृढप्रहाराने वसवलेलं चंद्रादित्यपूर ते हेच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे गाव हजार वर्षांच्या पलीकडचं.

पुढे ते होळकरांचं झालं. १८०४ मध्ये इंग्रजांच्या कर्नल वॉलेसने किल्ला घेतला, मग तो होळकरांना परत मिळाला, आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख गेला त्यात चांदवड कायमचं गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अणकाई, राजधेर आणि त्र्यंबक, आणि जूनमध्ये मालेगावचा भुईकोट पडला. तारखा बघा: एप्रिल, मे, जून. या उघड्याबोडक्या डोंगरांवर, या उन्हात, तोफा ओढत. किल्ल्याकडे बघताना मला राजांपेक्षा त्या तोफा ओढणाऱ्या बैलांचीच जास्त आठवण येते.

आता जायचं कसं. नाशिकहून अंतर पासष्ट किलोमीटरच्या आसपास आहे. ओझर, पिंपळगाव बसवंत, वडाळीभोई, सोग्रस फाटा करत गाडीने सव्वा ते दीड तास लागतो. उन्हाळ कांद्याचा हंगाम असेल तर पिंपळगावच्या पुढेमागे ट्रॅक्टरची रांग लागते, तिथे हॉर्न वाजवून उपयोग नसतो. एसटीने जाणार असाल तर ठक्कर बाजारातून मालेगाव किंवा धुळ्याकडची गाडी पकडा. मात्र चढतानाच कंडक्टरला विचारा, "गाडी चांदवड स्टँडात जाते का?" लांब पल्ल्याच्या काही गाड्या महामार्गावरच उतरवतात, आणि डोक्यावर ऊन घेऊन तिथून गावात चालत येणं म्हणजे दिवसाचा निम्मा दम तिथेच संपला. बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. आधार कार्ड मात्र जवळ हवं.

बरोबर काय घ्यायचं? माणशी किमान तीन लिटर पाणी, आणि त्यातली एक बाटली मीठ-साखर-लिंबू घातलेली. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. डोक्याला टोपीपेक्षा पांढरं उपरणं किंवा मोठी ओढणी बरी, कारण ती भिजवून मानेवर टाकता येते. गॉगल हौसेचा नाही, गरजेचा आहे. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगते: जाड सुती मोज्यांचे दोन जोड ठेवा. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि काळ्या दगडाची फरशी नवानंतर अशी तापते की प्रदक्षिणेचं रूपांतर पळापळीत होतं. मोजे असले की माणूस शांतपणे हात जोडतो. लहान मुलांच्या बाबतीत तर हे विसरूच नका. मुलं लाजत नाहीत, सरळ रडतात.

रेणुकामातेचं देऊळ महामार्गाला लागून, डोंगराच्या कुशीत आहे. सातच्या आत पोचलात तर गर्दी नसते आणि दगड गार असतो. लोकांची श्रद्धा अशी की परशुरामाने आईचं शिर उडवलं तेव्हा धड माहूरला राहिलं आणि शिर चांदवडला आलं. म्हणून इथे देवीचं मुखच आहे, डोंगराच्या खडकातच असलेलं. अहिल्यादेवींनी या देवळाचं मोठं काम केलं. गाभाऱ्यात शिरलात की आधी एक करा: बोलणं थांबवा आणि अंगावर येणारा गारवा ओळखा. तो पंख्याचा नाही. मागे अख्खा डोंगर आहे आणि रात्रभर निवलेला दगड सकाळी तो गारवा परत देतो. बाहेर येऊन दीपमाळेच्या बाजूला उभं राहिलात की खाली महामार्गावरचे ट्रक दिसतात, आणि ही वाट सांभाळण्यासाठी एवढा खटाटोप का झाला ते एका नजरेत कळतं. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा देवीचे दागिने रंगमहालातून पालखीने वाजतगाजत देवळात जातात. तो सोहळा बघायचा असेल तर नवरात्रातच या, हवाही तेव्हा बरी असते. पण निवांत बघायचंय त्यांनी उन्हाळ्यातली सकाळच धरावी.

खाली उतरून नाश्ता करा, आणि तिखट मिसळीचा मोह आवरा. मला माहितीय, नाशिककराला हे सांगणं म्हणजे पाप. पण पुढचे सहा तास उन्हाचे आहेत. पोहे, उपमा, एखादं केळं, वर ताक. चहा एकच कप. मिसळ परतीच्या वाटेवर खा, तेव्हा तुम्हाला कोण अडवतंय!

नऊच्या सुमारास रंगमहालाकडे वळा. गावात कुणालाही "होळकर वाडा" विचारलंत तरी रस्ता दाखवतील. गाडी आत गल्लीत घालू नका, बाहेरच सावली बघून लावा आणि आत लायटर, सेंटची बाटली, पॉवरबँक ठेवू नका.

वाडा म्हणतात, पण बाहेरून ती गढीच आहे. उंच दगडी तट, बुरूज, आणि माणूस स्वतःला उगाच लहान समजेल असा दरवाजा. इथे जतन-दुरुस्तीची कामं बरीच वर्षं टप्प्याटप्प्याने चालू आहेत, त्यामुळे एखादा भाग बंद मिळाला तर हुज्जत घालू नका. रखवालदाराशी नीट बोललं, "काका, कुठपर्यंत जाता येईल?" असं विचारलं, की बंद कुलपाचं कारणही कळतं आणि उघडी वाटही.

आत गेल्यावर लगेच फोटो काढत सुटू नका. दरवाजाच्या सावलीत मिनिटभर उभे राहा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतलं काही दिसत नसतं, तेवढ्यात पायरी चुकते. मग चौकात या. मधला चौक उघडा, चारी बाजूंनी खांबांच्या ओसऱ्या. हे सगळ्याच जुन्या वाड्यांत असतं, आपण बघून बघून बधिर झालेलो असतो, पण इथे एप्रिलमध्ये या आणि अनुभवून बघा. चौकातली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला ओसरीतली, दालनांतली गार हवा सरकते. म्हणून चौक उन्हात असला तरी ओसरीत बसलेल्याला झुळूक लागते. भिंती इतक्या जाड आहेत की बाहेरचा ताप आत पोचेपर्यंत दुपार टळते. खिडक्या खोल कोनाड्यात बसवलेल्या, त्यामुळे उजेड आत येतो आणि ऊन चौकटीवरच अडतं. हिवाळ्यात आलात तर याला नुसता वाडा म्हणाल. उन्हाळ्यात आलात तर बांधणारा काय विचार करत होता ते कातडीला कळतं. माझ्या मते रंगमहाल बघायचा खरा हंगाम हाच आहे, मग लोक काहीही म्हणोत.

लाकूडकाम घाईने बघू नका. एकच खांब निवडा आणि खालून वर बघत जा. तळाला दगडी बैठक आहे, ती शोभेसाठी नाही. लाकडाचा पाय जमिनीच्या ओलीला आणि वाळवीला लागू नये म्हणून आहे. त्यावर लाकडी खांब, वर निमुळता होत गेलेला, त्याच्या अंगावर पानाफुलांची कोरणी. हात लावला तर कळतं की जिथे माणसांचे हात पोचतात तिथपर्यंत लाकूड गुळगुळीत झालंय आणि त्याच्या वर कोरणीच्या कडा अजून धारदार आहेत. (कळलं ना, आता लावू नका. तुमच्याआधी पुष्कळांनी लावलेत.) त्याच्याही वर खांबाखांबांत महिरपी आणि मग तुळया. भिंतींवर चित्रं आहेत, पुराणातले प्रसंग. काही ठिकाणी रंग टिकलेत, काही ठिकाणी पोपडे सुटलेत. फ्लॅश मारू नका, रंगाला त्रास होतो आणि फोटोही पांढराफटक येतो. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास चौकातून आत उसळणारा उजेड पुरेसा असतो.

आता बारव. वाड्याच्या आवारातच पायऱ्यांची खोल विहीर आहे, दगडी कमानींची. खाली जायला मोकळं असेल तरच जा, कुलूप असेल तर कठड्यावरून बघा, तेही कमी नाही. उतरायला मिळालं तर भिंतीचा आधार घेत, एका मागे एक, बोलत-हसत नव्हे. पायऱ्या उंच आहेत आणि तळाकडच्या शेवाळलेल्या. दर काही पायऱ्यांनी हवा बदलते: आधी मानेवरचा घाम वाळतो, मग कानांचा दाह थांबतो, खाली तर चक्क गारठा. बारवा पाण्यासाठी बांधल्या हे खरंच, पण वाटसरूने दुपार कुठे काढायची याचंही उत्तर तेच होतं. वरून खाली वाकणाऱ्या मुलांना आणि सेल्फी घेणाऱ्या मोठ्यांना एकाच आवाजात रागवा.

इथून किल्ल्यापर्यंत भुयार आहे असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. प्रत्येक वाड्याला भुयार असतंच आमच्याकडे. ऐका, मान डोलवा, शोधायला जाऊ नका.

आणि वाड्यात असताना अहिल्यादेवींना थोडा वेळ द्या. १७२५ मध्ये चौंडीला जन्म, १७९५ मध्ये महेश्वरला देह ठेवला. राज्यकारभार महेश्वरहून, पण दक्षिणेत यायच्या वाटेवर चांदवड, त्यामुळे या गावाकडे त्यांचं लक्ष होतं. बाहेर तट आणि बुरूज, आत चौक, बारव, चित्रं. हा वाडा ज्यांनी उभा केला त्यांना लढाई आणि राहणं दोन्ही ठाऊक होतं.

साडेअकरा-बारा वाजले की बास. खरंच बास. हट्टाने "अजून एक जागा उरकून टाकू" म्हणणारा एकजण प्रत्येक घोळक्यात असतो, त्याला पाणी पाजून बसवा. महामार्गावर जेवायला भरपूर ठिकाणं आहेत. शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा मिळेल, पण तेलाचा तवंग चमच्याने बाजूला काढा आणि ताक दोनदा मागा. कच्चा कांदा खा. तो चांदवड तालुक्यातलाच असणार आणि इथे कांदा मागितला म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही. जेवण झाल्यावर चारपर्यंत विश्रांती. एसटीने आलेल्यांनी देवळाच्या धर्मशाळेची किंवा एखाद्या झाडाच्या पाराची चौकशी करावी. रसवंतीवर बसायलाही देतात, मात्र उसाचा रस बर्फाशिवाय मागा.

कुणाला ऊन लागलं तर ओळखायचं कसं? डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे इथपर्यंत सावली, आडवं होणं आणि मीठ-साखरेचं पाणी यांनी भागतं. पण अंग तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा चालताना झोकांड्या खातोय, तर मग घरगुती उपाय नाहीत. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. चांदवडला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे न्यायला उशीर करू नका. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे आमच्या आजीचं एकमेव मत मी आता मानत नाही. तरी ठेवते, ते वेगळं.

साडेचारनंतर चंद्रेश्वर. डोंगराच्या अंगावर महादेवाचं देऊळ आहे, कुंड आहे, झाडी आहे. बऱ्याच वरपर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या. तोवर दगड निवायला लागलेला असतो. इथे बघण्यापेक्षा बसणं जास्त आहे. किल्ल्याचा कातळ इथून जवळ दिसतो, पाचनंतर त्याच्यावर तिरपं ऊन पडलं की कपारी, तुटलेल्या वाटा उठून दिसतात. गावाची पांढरी घरं, मध्ये रंगमहालाचा तट, पलीकडे महामार्ग हे सगळं एका नजरेत येतं. माकडं आहेत, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

किल्ल्याबद्दल तुम्ही विचारणारच म्हणून सांगते. समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांच्या आसपास उंची, चढ अंगावर येणारा, वरच्या टप्प्यात निसरडा कातळ. १८१८ नंतर इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने या भागातल्या बऱ्याच किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. राजधेर-इंद्राईकडे तुटलेल्या पायऱ्या अजून बघायला मिळतात. त्यामुळे "पायऱ्या असतीलच की" या भरवशावर चढू नका. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत, वाट माहीत असलेल्या गावातल्या माणसाला घेऊन, सकाळी लवकर. उन्हाळ्यात सावलीचं नाव नाही, आणि कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, विडी, आरडाओरडा यांनी ती उठली की वर पळायला जागा नाही. डोंगराच्या पोटातलं जैन लेणंही त्याच हिवाळी फेरीत बघा. मन लावून बघण्यासारखं आहे, तापलेल्या डोक्याने उरकण्यासारखं नाही.

काहीजण विचारतात, लगे हाथ मालेगावचा भुईकोट करू का? नारोशंकरांनी बांधलेला, आपल्या गोदाघाटावरच्या घंटेचं देऊळ बांधलं तेच नारोशंकर, त्यामुळे नाशिककराला मोह होतो. पण राहुड घाट उतरलात की हवा एकदम बदलते, मालेगावचा पारा एप्रिल-मेमध्ये ४३-४४ ला टेकतो. किल्ल्याच्या आत शाळा भरते, म्हणजे वेळ आणि परवानगीही बघावी लागते. ते वेगळ्या दिवसाचं काम आहे, तेही डिसेंबरातलं.

परतताना सहाच्या सुमारास निघा. अंधारात कांद्याचे ट्रॅक्टर दिव्याशिवाय चालतात, तेव्हा वडाळीभोईपर्यंत डावी बाजू धरून सावकाश. एसटीवाल्यांनी स्टँडावर थांबावं, महामार्गावर हात दाखवून गाडी थांबेल या आशेवर नव्हे. पिंपळगावला आता मिसळ खायला हरकत नाही.